बाक आमच्याकडे आहेत

मालक, आमचे स्टूल तुम्ही उचलून नेलेत.

मुकादमाचं नाव पुढे करू नका. त्यानं ते फक्त मागच्या गोदामात नेऊन एकावर एक रचले, तेही तोंड पाडून. हुकूम तुमचा होता. एका मोठ्या हॉटेलचे लोक आपल्या चादरी कुठे धुतल्या जातात ते बघायला आले होते, आणि घडीच्या टेबलाशी बायका बसलेल्या बघून तुम्हाला त्यांच्यापुढे ओशाळल्यासारखं झालं. बसलेली बाई दिसली की काम थांबल्यासारखं दिसतं, असं तुम्ही म्हणालात. आमचे हात तर चालूच होते. तुम्ही हातांकडे बघितलंत कुठे?

आता मी सगळं पहिल्यापासून सांगणार आहे, आणि चारचौघांत सांगणार आहे. तुम्ही वरच्या काचेच्या खोलीत असता, त्यामुळे तुम्हाला अर्धंच ठाऊक आहे. ज्यांना काहीच ठाऊक नाही त्यांनीही ऐकावं, आणि मग कोण चुकलं ते ठरवावं.

आपली लाँड्री म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड. एका टोकाला इस्पितळांचे आणि हॉटेलांचे मळके कपडे कापडी ढकलगाड्यांतून येतात. मग धुलाईची यंत्रं, मग सुकवणी, मग गरम रोलर, आणि अगदी दुसऱ्या टोकाला घडीची टेबलं. तिथे आम्ही. चादर एकटीला आवरत नाही. दोघींनी टोकं धरायची, झटकायची, एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक लावायचं, मागे सरायचं, पुन्हा यायचं. चादरीला उभं राहावंच लागतं, त्याबद्दल आमची कधी तक्रार नव्हती. पण अभ्रे, टॉवेल, रुग्णांचे झगे यांची घडी टेबलावरच होते. म्हणून पूर्वी आम्ही एक गठ्ठा चादरींचा उभ्यानं आणि एक गठ्ठा अभ्र्यांचा बसून, असं आलटून पालटून करायचो. पायांना तेवढाच श्वास मिळायचा.

माझ्या चादरीची दुसरी दोन टोकं माझ्या सासूच्या हातात असतात. दिवसभर सासू-सुना एकमेकींच्या अंगावर चालून जातो, आणि हातात चादर असल्यामुळे प्रत्येक वेळी प्रकरण घडीवर मिटतं. हा विनोद माझ्या नवऱ्याचा. तो सुतार आहे, त्याला बोलायला काय जातं. सासूबाईंना लाँड्रीत आणि चर्चमध्ये सगळे मोठीबाई म्हणतात. त्या उंचीनं माझ्या खांद्याला लागतात, पण नाव पडलं ते पडलं.

स्टूल गेल्यावर टेबलाला रेलायचीही बंदी आली. मुकादमाच्या गळ्यात शिट्टी आली. कुणी कंबर टेकवली की शिट्टी. म्हणून त्याचंही नाव शिट्टीच पडलं. माणूस वाईट नाही. शिट्टी मारल्यावर तो दुसरीकडे बघायचा.

थोड्याच दिवसांत आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, पोटऱ्यांवर निळ्या शिरा दोरीसारख्या उठल्या. घरी आल्या की पाय भिंतीवर टाकून पडायच्या आणि माझ्या स्वयंपाकाला झोपूनच नावं ठेवायच्या. मी त्यांना ओढत डॉक्टरणीकडे नेलं. तिनं पाय दाबून बघितले आणि सरळ सांगितलं, "आजी, कामावर मधून मधून बसायला मिळालं तर ठीक. नाहीतर काम सोडा. या शिरा गमतीच्या नाहीत."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आई, सोडा आता काम."

"सोडते की. आणि घरी काय करू? तुझी वाट बघत बसू?"

"बसायलाच तर सांगितलंय."

"घरी बसणं वेगळं आणि कामावर बसणं वेगळं. घरी बसवतात ती म्हातारी. मी अजून कामाची बाई आहे." मग जरा चालून म्हणाल्या, "शिवाय तुझ्यासमोर दुसरं कोण उभं राहणार? तुझा चादर झटकायचा झपाटा कुणाला सोसायचा नाही."

म्हणजे प्रश्न एवढाच होता, मालक. एक स्टूल मिळतो, की एक बाई जाते.

त्याच सुमारास चर्चमध्ये आमच्या पाळकसाहेबांनी ते प्रवचन केलं. तुम्ही होतात. तुम्ही नेहमीच असता, पहिल्या बाकावर, डाव्या कडेला. चर्चमधले सगळे बाक तुम्हीच दिलेले आहेत, तुमच्या आईच्या स्मरणार्थ. प्रत्येकाच्या पाठीवर तिच्या नावाची पितळी पट्टी आहे. माझ्या नवऱ्यानंच ते बनवले. सागवान चांगलं दिलंत, ते मान्य. पाळकसाहेब त्या दिवशी सांगत होते की डोंगरावर एवढा जमाव उपाशी होता, आणि प्रभूनं भाकरी हातात घेण्याआधी काय केलं, तर सगळ्यांना गवतावर बसवलं. आधी बसवलं, मग वाढलं. उभ्या माणसाला घास टाकणं ही भीक, बसवून वाढणं हा मान, असं पाळकसाहेब म्हणाले. तुम्ही मान डोलावलीत. मी मागच्या बाकावरून बघितलं.

आईंनी नुसती मान डोलावली नाही. दुसऱ्या दिवशी जिना चढून तुमच्या खोलीत आल्या आणि स्टूल परत मागितले. तुम्ही काय म्हणालात? "मोठीबाई, तुमचं वय झालं. आता घरी आराम करा." गोड आवाजात म्हणालात. गोड आवाजात म्हटलं की माणसाला हाकललं असं वाटत नाही, नाही का?

मग आई पाळकसाहेबांकडे गेल्या. मीही गेले. ते चर्चच्या मागच्या खोलीत बादल्या लावत होते. छप्पर गळतं ना.

"तुम्ही मालकांशी बोला," आई म्हणाल्या.

"मी? कशाबद्दल?"

"आधी बसवलं, मग वाढलं, त्याबद्दल."

पाळकसाहेबांनी बादली खाली ठेवली. "अहो मोठीबाई, ते मी प्रवचनात म्हटलं."

"मग खोटं होतं का?"

"खोटं कसं असेल? पण... जरा जपून. छपरासाठी मालकांनी शब्द दिलाय."

"पाळकसाहेब, छप्पर गळतंय तर अंगावर पाणी पडतं. पाय गेले तर मी छपराखाली येऊ कशी?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. चांगला माणूस, पण भिडस्त. "प्रार्थना करतो," म्हणाले.

"करा," आई म्हणाल्या. "मीही करते. बघू कुणाची आधी पोचते."

आता तो नव्या रोलरचा दिवस. इथं तुम्हाला राग येईल, पण मी तो गाळणार नाही, कारण एवढी मजा त्या शेडनं कधी बघितली नव्हती.

नवा रोलर बसवला, आणि तुम्हाला वाटलं की आधी प्रार्थना व्हावी. पाळकसाहेबांना बोलावलंत. पण त्यांचा घसा बसला होता, शब्द फुटेना. मग तुम्हीच म्हणालात, मोठीबाई करतील, त्या दर रविवारी चर्चमध्ये छान करतात. आम्ही सगळ्या ओळीनं उभ्या. पुढे तुम्ही आणि पाळकसाहेब. तुमच्या मागे मळक्या चादरींनी भरलेली ढकलगाडी.

आईंनी डोळे मिटले. प्रार्थना साधीच होती. यंत्रासाठी आभार मानले, यंत्रात कुणाचा हात सापडू नये असं मागितलं, इस्पितळात आमच्या चादरींवर झोपणाऱ्या आजाऱ्यांची आठवण केली. तुमचंही भलं मागितलं, मालक, आणि ते मनापासून होतं. मग आमेन. सगळे आमेन म्हणाले. आणि मग आई, डोळे अजून मिटलेले, जे त्या वर्षानुवर्षं प्रत्येक रविवारी प्रार्थनेनंतर म्हणत आल्या ते म्हणाल्या.

"बसून घ्यावं."

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, हे शब्द कानावर पडले की गुडघे आपोआप वाकतात. लहानपणापासूनची सवय. डोकं विचार करायच्या आत आम्ही सगळ्या खाली बसलो होतो, मी, रोलरवरच्या दोघी, धुलाईकडचे लोक, पार दारापर्यंत. पाळकसाहेब एका पालथ्या टोपलीवर बसले. ज्या आमच्या मंडळीतल्या नव्हत्या त्याही बसल्या. बसायला काही बाप्तिस्मा लागत नाही.

आणि तुम्हीही बसलात, मालक. तुम्ही तर आमच्यापेक्षा जुने. मागे पहिला बाक असणार अशा खात्रीनं तुम्ही अंग सोडून दिलंत, आणि थेट ढकलगाडीत गेलात. चादरींत कमरेपर्यंत रुतलात. गाडीला चाकं होती. ती निघाली. आम्ही डोळे उघडले तेव्हा तुम्ही हात जोडलेल्या अवस्थेत, पाय वर करून, शांतपणे सुकवणीच्या दिशेनं जात होतात.

शिट्टीला काय सुचावं? त्यानं शिट्टी मारली.

पहिल्यांदा कोण हसलं ते मला सांगता येणार नाही. मला वाटतं पाळकसाहेब, कारण बसक्या घशातून हसण्याचा तो आवाज बिजागरीसारखा येत होता. मग सगळी शेड. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. धुलाईकडच्या दोघांनी गाडी अडवली आणि तुम्हाला बाहेर काढायला हात दिला. आणि खरं सांगायचं तर तुम्हीही हसलात. एक क्षणभर. मी बघितलं. तेव्हा तुमचा चेहरा पट्टीवर जिचं नाव आहे तिच्या चेहऱ्यासारखा झाला, असं आई नंतर म्हणाल्या.

पण उभे राहिल्यावर तुम्ही चेहरा आवरलात. म्हणालात, "चला, उठा. कामाला लागा."

आणि इथे जे झालं ते ठरवून झालं नाही. आई उठल्या नाहीत. उठवेना म्हणून नाही. जमिनीवर मांडी ठोकून, समोरची अभ्र्यांची टोपली त्यांनी ओढली आणि घडी घालायला लागल्या.

"लागलेच आहे कामाला," त्या म्हणाल्या.

मग मीही एक अभ्रा ओढला. मग शेजारची. शिट्टीनं तुमच्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि शिट्टी खिशात ठेवली. काही वेळानं टोपली रिकामी झाली, तुमच्या डोळ्यांदेखत. आई तुमच्याकडे मान वर करून बोलल्या. रागानं नाही. राग माझ्याकडे असतो, त्यांच्याकडे नाही.

"मालक, तुमच्या आईनं आणि मी एकाच दगडी हौदावर धुणं धुतलंय. तेव्हा ही शेड नव्हती. तिच्याकडे एकच स्टूल होता. ती स्वतः बसली की थोड्या वेळानं उठायची आणि मला बसवायची. तो स्टूल तुम्ही काढलेल्या स्टुलांत आहे. एक पाय आखूड आहे त्याचा. जाऊन बघा."

तुम्ही एकदा मागच्या गोदामाकडे बघितलंत. मग म्हणालात, "बघतो."

घरी येताना मी विचारलं, "आई, खरं सांगा. मुद्दाम म्हणालात ना, बसून घ्यावं?"

त्या रस्त्यात थांबल्या. "प्रार्थनेत मी लबाडी करीन? चुकून गेलं तोंडातून." चार पावलं गेल्यावर म्हणाल्या, "पण देवाला चूक आवडलेली दिसते."

तर तुमचं 'बघतो'. आम्ही वाट बघितली. आठवडे गेले. गोदामाला कुलूप तसंच. मग तुम्ही परगावी गेलात, कामासाठी की कशासाठी ते आम्हाला कुणी सांगत नाही. आईंचे पाय संध्याकाळी चपलेत मावेनासे झाले. शेवटी एका रात्री त्याच म्हणाल्या, "हा आठवडा झाला की सोडते गं." एवढ्या हळू म्हणाल्या की मी भाजी परतायची थांबले. नवरा जेवता जेवता थांबला. म्हणाला, "बाक किती उंच आहेत माहितीये का? मी बनवलेत, मला माहितीये. खाली ठोकळे लावले तर टेबलाला बरोबर येतील."

"कुठले बाक?" मी विचारलं.

"चर्चचे. दुसरे कुठले?"

आईंनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं तो पहिल्यांदा चालला तेव्हा बघितलं असेल.

रविवारी उपासना संपल्यावर सूचनांच्या वेळी आई उभ्या राहिल्या आणि मंडळीला विचारलं: हे बाक विसाव्यासाठी दिलेले आहेत. विसावा फक्त रविवारी लागतो का? आमच्यातल्या ज्यांना सोमवार ते शनिवार बसायला मिळत नाही त्यांना ते नेता येतील का?

सगळ्यांच्या नजरा पाळकसाहेबांकडे. त्यांनी एकदा गळक्या छपराकडे बघितलं. मला वाटलं, आता 'प्रार्थना करू' येणार. त्यांनी चष्मा काढला. पुसला नाही. हातातच धरला.

"बाक मंडळीला दिलेले आहेत," ते म्हणाले. "आणि मंडळी सोमवारीही मंडळीच असते. मी स्वतः एक टोक धरीन."

मालक, तुम्ही ती मिरवणूक बघायला हवी होती. सोमवारी सकाळी कामाच्या वेळेआधी, रस्त्यानं बाक चालले होते. एका बाकाला चौघंचौघं. पुढे पाळकसाहेब, एवढे घामाघूम, की प्रत्येक कोपऱ्यावर "जरा टेकवा" म्हणायचे, आणि टेकवला की त्यावरच बसायचे. बायका गात होत्या. भजन उपासनेचंच, पण चाल बाकाच्या वजनानं ठरत होती, चढावर संथ आणि उतारावर धावती. एक दुकानदार दारात येऊन म्हणाला, "चर्च हलवताय का?" आई म्हणाल्या, "नाही, वाढवतोय."

लाँड्रीच्या दारावर शिट्टी उभा. कुलपाची चावी हातात, तोंड पांढरं. "मला वरून काही सांगितलेलं नाही," तो म्हणाला.

"आत न्यायचं नाही असं सांगितलंय का?" मी विचारलं.

त्यानं विचार केला. "तसंही सांगितलेलं नाही."

मग त्यानंच दार उघडलं, आणि नवऱ्याला ठोकळे ठोकताना दुसरं टोक धरून दिलं. आई मधल्या बाकावर बसल्या. पाठ बरोबर पितळी पट्टीला टेकली. जरा पुढे सरकून त्यांनी पदरानं ती पट्टी पुसली, मग परत टेकल्या. अभ्र्यांचा गठ्ठा पुढे ओढला. "झटक की आता," मला म्हणाल्या. "बघत काय राहिलीस?"

आठवडाभर आम्ही तसंच काम केलं. चादरी उभ्यानं, अभ्रे बसून. गाड्या वेळेवर सुटल्या, शिट्टीला विचारा. त्याची शिट्टी आता त्याच्या नातीकडे आहे. गुरुवारी आईंच्या पायात चप्पल शिरली. त्यांनी ती मला दोनदा काढून घालून दाखवली आणि वर स्वयंपाकाला नावं ठेवली, मांडीवर ताट घेऊन, ताठ बसून. मला एवढं बरं वाटलं की मी उलट बोलायचीच विसरले.

तुम्ही काल परत आलात. शेडच्या दारात उभे राहिलात. तुमच्या आईच्या नावाच्या एवढ्या पट्ट्या, आणि प्रत्येकीला टेकलेली एक बाई. तुम्ही आत आला नाहीत, ओरडला नाहीत. गोदामाकडे गेलात, आत बराच वेळ होतात, बाहेर आलात आणि वर खोलीत जाऊन दार लावून घेतलंत. हातात काही नव्हतं. पण बाहीला धूळ होती. तो आखूड पायाचा स्टूल तुम्हाला सापडला, हे मला त्या धुळीवरून कळलं.

आज शनिवार. उद्या रविवार. चर्च रिकामं आहे. पाळकसाहेब म्हणतात, उद्या सगळे उभ्यानं उपासना करू, काही बिघडत नाही. तुमच्या डाव्या कडेच्या जागी आत्ता नुसती फरशी आहे. आई प्रार्थना सांगतील, आमेन होईल, आणि मग त्या नेहमीचं वाक्य म्हणतील. त्या वेळी तुमच्या मागे काय असेल, हे तुमच्या हातात आहे. स्टूल बाहेर काढा, म्हणजे आज संध्याकाळीच आम्ही तुमचे बाक पुसून, गात गात परत नेऊन ठेवू. नाही काढलेत, तर बाक इथेच राहतील, आणि दर रविवारी ते वाक्य ऐकून तुम्ही उभेच राहाल, आमच्यासारखे.

'बघतो' चालणार नाही. ते एकदा झालं. आमचे स्टूल परत देणार की नाही?

उत्तर द्या, मालक. बसून दिलंत तरी चालेल.